सापाच्या अंड्याला वापसा लागतो

जूनच्या पहिल्या आठवड्यात वाळवा तालुक्यातल्या एका मळ्यातून फोन आला. "दादा, शेणखताचा ढीग उपसताना सापाची अंडी घावली. पांढरी, लांबुडकी, एकमेकाला चिकटल्याली. घरात खुडूक कोंबडी व्हतीच, तिच्याखाली ठिवलीत. किती दिसांत फुटत्याल?"

मी पोचलो तोवर अंडी कोंबडीखाली जाऊन चार दिवस झाले होते. टोपलीत तेरा अंडी होती. वाळलेल्या खजुरासारखी सुरकुतलेली, घोसातून सुटी झालेली, वर-खाली कशीही पडलेली. त्यातलं एकही वाचलं नाही. फोन करणारे तात्या सत्तरीचे. बाकीचे म्हणत होते रॉकेल टाका, पेटवा. तात्यांनी मात्र ती जगावीत म्हणून घरात आणली होती. त्यांच्या मायेत काही कमी नव्हतं. पण आपण आयुष्यभर अंडं बघतो ते कोंबडीचंच, त्यामुळं अंडं म्हटलं की ऊब, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. सापाच्या अंड्याचं गणित वेगळं आहे, आणि ते वेगळं का आहे हे एकदा नीट कळलं की पुढच्या सगळ्या गोष्टी आपोआप समजत जातात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोंबडीचं अंडं म्हणजे शिदोरी बांधून दिलेलं पोर. आत पिवळा बलक, त्याभोवती भरपूर पांढरा बलक, म्हणजे पाण्याचा साठा, आणि बाहेर चुन्याचं टणक कवच. पिल्लाला बाहेरून फक्त ऊब आणि हवा लागते. ती ऊबही चांगली कडक, सुमारे ३७.५ अंश सेल्सिअस, २१ दिवस. या काळात अंड्यातलं थोडं थोडं पाणी कवचातून उडून जातं आणि अंडं हलकं होत जातं. ते तसं व्हायलाच हवं.

सापाच्या, उदाहरणार्थ धामणीच्या, अंड्यात पिवळा बलक मोठा असतो, पांढरा जवळजवळ नसतोच. म्हणजे अन्न आहे, पण पाणी अपुरं. कवचही टणक नसतं. बोटानं हलकं दाबलं तर चामड्यासारखं लवतं. या कवचातून पाणी आत जातं आणि बाहेरही येतं. भोवती ओल असेल तर अंडं ती शोषून घेतं, फुगतं, दिवसागणिक जड होतं. भोवती कोरडं असेल तर अंड्यातलंच पाणी बाहेर पडतं आणि अंडं चिमतं. कोंबडीचं अंडं उबताना हलकं होतं, सापाचं जड होतं. तात्यांची अंडी कोंबडीच्या अंगाच्या कोरड्या, कडक उबेत चार दिवसांत सुकली ती यामुळं.

मग ओल लागते म्हणून पाण्यात ठेवायचं का? तसंही नाही. अंड्यातला जीव कवचातूनच श्वास घेतो. कवचावर पाण्याचा थर बसला की हवेची वाट बंद होते आणि पिल्लू आतल्या आत गुदमरतं. ओलही हवी आणि हवाही हवी. कृष्णाकाठच्या काळ्या रानात पेरणाऱ्याला हे एका शब्दात कळतं: वापसा. पाऊस पडून गेलाय, पाणी निथळलंय, मूठभर माती दाबली तर तिचा गोळा होतो पण हाताला चिखल लागत नाही. बियाणं टाकायची हीच वेळ, आणि सापाच्या अंड्यालाही हेच रान हवं असतं. धामण अंडी घालायला जागा निवडते तीही अशीच. कुजत आलेलं पाचट, उकिरडा, जुन्या विहिरीच्या दगडी बांधकामातली पोकळी, घुशीचं सोडलेलं बीळ, वारूळ. बाहेर ऊन असो वा पाऊस, आतली ओल आणि ऊब तिथं फारशी हलत नाही.

दुसरी गोष्ट फिरवण्याची. कोंबडी दिवसातून अनेकदा चोचीनं अंडी उलटीपालटी करते. तिच्या अंड्यात बलकाला दोन्ही टोकांनी धरून ठेवणारे पिळाचे दोरे असतात, त्यामुळं अंडं फिरलं तरी बलक सावरला जातो. न फिरवलं तर उलट गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटायची भीती. सापाच्या अंड्यात हे दोरे नसतात. अंडं घातल्यावर एक-दोन दिवसांत गर्भ बलकाच्या वरच्या अंगाला स्थिरावतो आणि त्याच्या श्वासाची जाळी तिथल्या कवचाला आतून लागत जाते. आता अंडं उलटं केलं तर बलकाचं सगळं वजन त्या नाजूक जीवावर येतं, आणि नुकत्याच धरलेल्या रक्तवाहिन्या तुटू शकतात. उलटलेलं प्रत्येक अंडं मरतंच असं नाही, काही वाचतात. पण आत काय झालं ते आपल्याला दिसत नाही, म्हणून नियम एकच पाळायचा: अंडं जसं सापडलं तसंच राहू द्यायचं. अगदी उचलावंच लागलं तर आधी मऊ पेन्सिलीनं वरच्या बाजूला फुली करायची आणि ती फुली शेवटपर्यंत आभाळाकडे ठेवायची. घोस चिकटलेला असेल तर सोडवायचा नाही. ओढून वेगळी करताना कवच फाटतं.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हे सगळं वाचून कुणी घरी अंडी उबवायला घेऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी प्राण्यातच धरलेली आहेत, आणि ती उचलणं, फोडणं, हलवणं हे शिकारीच्या व्याख्येत येतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर धामण पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, आहे. सर्पमित्रालाही वनविभागाला कळवल्याशिवाय अंडी ठेवता येत नाहीत. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक मोबाइलमध्ये जपून ठेवावा.

कायद्याइतकंच दुसरं कारणही महत्त्वाचं. नुसत्या अंड्यावरून साप ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. धामण अंडी घालते, तशी नागीणही घालते, मण्यारही घालते, तस्कर, कवड्या, दिवडही घालतात. (घोणस, फुरसं, मांडूळ आणि हरणटोळ थेट पिल्लांना जन्म देतात, त्यामुळं अंडी त्यांची नसतात एवढं मात्र खात्रीनं सांगता येतं.) नागाचं पिल्लू अंड्यातून तोंड बाहेर काढतं तेव्हापासूनच विषारी असतं. धामणीची समजून माळ्यावर ठेवलेली अंडी नागाची निघाली तर काय होईल याचा विचार करा. आपल्याकडं नाग हा नर आणि धामण त्याची मादी असं सर्रास मानतात, आणि बत्तीस शिराळ्यासारख्या नागपंचमीसाठी गाजलेल्या भागातही हे मला पुष्कळांनी सांगितलंय. दोघं पूर्ण वेगळ्या जातीचे साप आहेत. नागाची मादी नागीणच, आणि धामणीतही नर असतो. उन्हाळ्यात बांधावर दोन धामणी एकमेकींना पीळ घालून डोकी उंचावताना दिसतात, तेव्हा बहुतेक वेळा ते दोन नर मादीसाठी ताकद आजमावत असतात. लोक त्याला मिलन समजून त्यावर कापड टाकायला धावतात.

अंडी सापडली तर सगळ्यात चांगला उपाय सगळ्यात सोपा आहे. होती तशी झाकायची. त्याच खताची, त्याच मातीची हलकी चादर वर ओढायची, खूण म्हणून काठी रोवायची आणि तेवढा कोपरा दोन-अडीच महिने सोडून काम करायचं. धामण अंड्यांजवळ थांबल्याची निरीक्षणं आहेत, त्यामुळं आई आसपास असू शकते. अजगराची मादी अंड्यांना वेटोळं घालून अंग थरथरवते आणि स्वतःची ऊब देते. धामण तसं करत नाही, तिची अंडी जमिनीच्याच उबेवर वाढतात. म्हणून आई नाही दिसली तरी अंडी पोरकी झाली असं समजायचं कारण नाही.

मग माणसानं अंडी उबवायची वेळ येते कधी? जागाच राहिली नाही तर. घराचा पाया खणलाय, रस्ता रुंद होतोय, ढीग ट्रॉलीत भरून झालाय. किंवा पकडलेली मादी सोडायच्या आधीच अंडी घालते. पलूसकडं एका पडक्या विहिरीचा काठ जेसीबीनं काढताना सहा फुटांहून लांब धामण निघाली होती. संध्याकाळ झाली होती, तिच्या अंगाला खरचटलं होतं, म्हणून वनरक्षकांना कळवून रात्रभर सुती पिशवीत आणि पिशवी हवेशीर पेटीत ठेवली. सकाळी पिशवीत अकरा अंडी. तिच्या अंगाचा मागचा भाग भरलेला होता, तो हाताला लागलाही होता, आणि मी तो खाल्लेला उंदीर समजलो होतो. परदेशात कॉर्न स्नेकसारखे साप पाळणारे लोक या भरलेल्या अंगावर लक्ष ठेवतात. त्यांचा अनुभव असा की गाभण मादी अंडी घालण्याच्या साधारण एक-दोन आठवडे आधी कात टाकते. ती कात दिसली की ते पेटीत ओल्या शेवाळाचा डबा ठेवतात, म्हणजे मादी कोरड्यावर अंडी टाकत नाही. रानातल्या मादीची अशी तयारी आपल्याला कशी दिसणार? म्हणून मोसमात पकडलेली जाड अंगाची धामण शक्य तितक्या लवकर, पकडलेल्या जागेजवळच सोडणं हे तिच्यासाठी सगळ्यात हिताचं. त्या मादीला आम्ही दुसऱ्या दिवशी दिवस मावळताना ओढ्याकाठी सोडलं. वनविभागाच्या परवानगीनं अंडी ठेवून घेतली.

उबवणीला महागडं यंत्र लागत नाही. झाकणाचा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा, झाकणाला दाभणानं चार-पाच भोकं. तळाशी चार बोटं जाडीचा वर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारं फुलवलेलं खनिज) किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). तासगाव-मिरज पट्ट्यात रोपवाटिकांमध्ये हे पोत्यांनी मिळतं. वर्मिक्युलाइट असेल तर त्याच्या वजनाइतकंच पाणी, म्हणजे २०० ग्रॅमला २०० मिली. कोकोपीट असेल तर भिजवून पिळायचं, इतकं की मुठीत घट्ट दाबल्यावर बोटांच्या फटीतून एखाद-दुसराच थेंब यावा. धार लागली तर जास्त झालं. मातीही चालते, पण तिच्यात मुंग्या, किडे, बुरशी येते, म्हणून मी टाळतो. अंड्याएवढे खळगे करायचे आणि अंडी निम्मी आत, निम्मी बाहेर राहतील अशी ठेवायची. पूर्ण पुरली तर पुढं तपासता येत नाहीत.

ओल कायम राखायची एक युक्ती फार उपयोगी आहे. पहिल्या दिवशी अंड्यांसकट सगळा डबा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन लिहून ठेवायचं. आठवड्यानं पुन्हा वजन करायचं आणि जितकं कमी भरेल साधारण तितकं कोमट पाणी डब्याच्या कडेनं सोडायचं. अंड्यावर पाणी शिंपडायचं नाही. झाकणाच्या आतून थेंब जमून अंड्यावर पडत असतील तर डबा जरा कलता ठेवायचा, म्हणजे थेंब कडेनं ओघळतात. आठवड्यातून एकदा मिनिटभर झाकण उघडून आतली हवा बदलायची. शेवटच्या दिवसांत पिल्लं मोठी होतात, तेव्हा हे जास्त वेळा करावं.

आणि मुंग्या. पुस्तकी सल्ल्यात त्यांचा उल्लेख क्वचितच येतो, पण आपल्याकडं त्या एका रात्रीत सगळी अंडी संपवतात. दुधाचं पातेलं परातीतल्या पाण्यात ठेवतो तसा डबा एका विटेवर आणि वीट पाण्याच्या परातीत. एवढं केलं की झोप लागते.

आता तापमान. २७ ते ३० अंशांच्या मध्ये पारा राहिला तर उत्तम. त्याहून जरा खाली गेला तर वाढ मंदावते, दिवस लांबतात, पण पिल्लं सहसा निभावून जातात. वर गेला तर मात्र घात होतो. ३२-३३ च्या पुढं अंडी सतत राहिली तर पिल्लांच्या कण्यात बाक येतो, किंवा ती आत पूर्ण तयार होऊन मरतात. म्हणून मला थंडीपेक्षा उकाड्याची धास्ती जास्त. सांगलीत पावसाळ्यात घरातल्या मधल्या खोलीत, भिंतीपासून दूर, थर्माकोलच्या पेटीत डबा ठेवला तर हीटरची गरज बहुधा पडत नाही. पहाटेचा गारवा थोपवायला पेटीत पाण्यानं भरलेल्या दोन बाटल्या ठेवायच्या. पाणी हळूहळू तापतं आणि हळूहळू निवतं, त्यामुळं पाऱ्याचे झोके कमी होतात. बल्ब लावून ऊब द्यायचा मोह आवरावा. बल्ब हवा सुकवतो, आणि लोडशेडिंगमध्ये पारा एकदम पडतो तो वेगळाच. सूर्यप्रकाशात डबा कधीच ठेवू नये. बंद डब्यात काही मिनिटांत सगळं शिजून जातं.

तापमानानं नर-मादी ठरतात का, हे मला हमखास विचारतात. हा प्रश्न बहुतेक आपल्या नदीमुळं येत असावा. भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत, आणि मगरीच्या बाबतीत हे खरं आहे. घरट्यातलं तापमान साधारण ३१ अंशांच्या खाली राहिलं तर माद्या, ३२ च्या थोडं वर गेलं तर नर. कासवांच्या अनेक जातींतही तापमानच ठरवतं, फक्त कोणत्या उबेला कोण हे वेगळं. सापांमध्ये मात्र हे आईकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं. मादीकडं दोन प्रकारची गुणसूत्रं असतात, ती कोणतं देते त्यावर पिल्लू नर की मादी. आपल्या डब्यातला पारा त्यात काही बदल करू शकत नाही.

पहिल्या दहा-बारा दिवसांनंतर अंडी तपासता येतात. अंधाऱ्या खोलीत मोबाइलची बॅटरी अंड्याच्या कडेला टेकवायची, अंडं न उचलता. जिवंत अंड्यात लाल-गुलाबी शिरांचं जाळं दिसतं. पहिल्यांदा बघणारा माणूस तिथंच थबकतो. निर्बीज अंडं बहुधा पहिल्या दिवसापासून वेगळं असतं, लहान, पिवळसर, मेणासारखं. आमच्या अकरातली दोन अशीच होती. ती सुटी होती म्हणून बाजूला काढली. निर्बीज अंडं घोसात चिकटलेलं असेल तर राहू द्यावं. त्यावर बुरशी येते, लोक घाबरतात, पण शेजारचं जिवंत अंडं बुरशीला बऱ्यापैकी दाद देत नाही. बुरशी पसरू लागली तर कोरड्या कापसानं हलकेच टिपायची. शंका असेल तर अंडं फेकायचं नाही. डागाळलेल्या, वेडंवाकडं फुगलेल्या अंड्यातूनही धडधाकट पिल्लं आलेली मी पाहिली आहेत.

अंड्याला खळगा पडला की काय समजायचं? सुरुवातीच्या आठवड्यांत पडला तर ओल कमी आहे. कडेनं पाणी द्या, एक-दोन दिवसांत अंडं पुन्हा भरतं. शेवटच्या आठवड्यात पडला तर ती सुटकेची खूण असू शकते, कारण पिल्लानं बलक बराच संपवलेला असतो. म्हणूनच अंडी घातल्याची तारीख लिहून ठेवणं फार महत्त्वाचं. धामणीला साधारण साठ दिवस लागतात, उबेप्रमाणं थोडे मागेपुढे.

पिल्लाच्या वरच्या ओठाच्या टोकाला एक इवलासा दात असतो, फक्त या एका कामासाठी. त्यानं ते कवचाला आतून चिरा देतं. टणक कवच फोडावं लागतं, हे चामड्यासारखं असल्यानं पात्यानं कापल्यासारख्या चिरा दिसतात, कधी एक, कधी चार. मग त्यातून नाकपुड्या येतात, मग डोकं. आणि इथं सगळे घाई करतात. डोकं बाहेर आलं, तासभर हललं नाही, म्हणजे अडकलं असं वाटून चिमट्यानं ओढायला जातात. कृपा करून तसं करू नका. पिल्लू तिथं एक-दोन दिवस तसंच बसून राहतं. पोटाशी उरलेला बलक या वेळात अंगात ओढून घेतला जात असतो, नाळेच्या रक्तवाहिन्या बंद होत असतात. ओढलं तर तो बलक बाहेर सांडतो आणि पिल्लू रक्तस्राव होऊन मरतं. झाकण उघडण्याच्या आवाजानं ते परत आत जातं, पुन्हा डोकावतं. आपण खोलीबाहेर थांबायचं.

आमच्या नऊ अंड्यांतली आठ फुटली, पहिलं चौसष्टाव्या दिवशी. नववं पिल्लू पूर्ण वाढलेलं होतं, पण त्यानं कवचाला चीर दिलीच नाही. चार दिवस वाट पाहून अंडं उघडलं, तर ते आतच मेलेलं होतं. कशानं, ते सांगता येत नाही. दोन दिवस मन लागलं नाही.

नुकतंच निघालेलं धामणीचं पिल्लू साधारण सव्वा-दीड फुटाचं, करंगळीहून बारीक, मोठ्या डोळ्यांचं आणि कमालीचं तापट. फुत्कारतं, चावतं, विषारी नसलं तरी. पुढच्या अंगावर फिकट आडवे पट्टे असतात, त्यामुळं लोक मण्यार समजून मारतात. पहिले काही दिवस त्याला खायला लागत नाही, आत घेतलेल्या बलकावर भागतं. आठवडा-दहा दिवसांत ते पहिली कात टाकतं आणि मग शिकार शोधू लागतं. बेडकाची पिल्लं, पाली, सरडे. त्याला हातानं भरवायची गरज नसते. ऑगस्टमध्ये बांधाबांधावर बोटाच्या पेराएवढे बेडूक उड्या मारत असतात, ते दिवस हुकवू नयेत म्हणून सोडायला उशीर करायचा नाही.

वनरक्षकांसोबत आम्ही ती आठ पिल्लं त्याच ओढ्याकाठी नेली, जिथं त्यांची आई सोडली होती. सगळी एका जागी ठेवली नाहीत. पन्नास-साठ पावलांचं अंतर ठेवून, घाणेरीच्या जाळीत आणि दगडी बांधाच्या फटींजवळ, एकेक. घोरपड, मुंगूस, भारद्वाज, घार यांच्या तावडीतून किती वाचतील हे त्यांच्या नशिबावर. शेवटचं पिल्लू पिशवीतून बाहेर आलं, जीभ काढून वारा चाखला आणि ओल्या गवतात शिरलं.

पुढच्या वर्षी जूनमध्ये तात्यांचा पुन्हा फोन आला. "ढिगात अंडी हायती. हात लावला न्हाई. वरनं ओलं पाचट वढलंय, काठी रवलीया. पोरास्नी सांगितलंय, ह्यो कोपरा आता गणपतीनंतरच उपसायचा."